चारशे बारा नंबरचा घेवडा

बियाणे-संग्रहालयात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. जावई डॉक्टर असून साधी खोकल्याची गोळी सांगू शकत नाही, याचं सासूला दुःख होतं. पण पदवी खरी होती. ती त्याला एका घेवड्यानं मिळवून दिली होती, आणि तो चारशे बारा नंबरचा घेवडा आता उगवत नव्हता.

दोन चाचण्या झाल्या, दोन्ही वेळा शून्य. बी कुजलं असतं तर डॉक्टरला बरं वाटलं असतं, पण त्यावर साधी बुरशीसुद्धा धरली नाही. कापून रंगात बुडवलं की ते लालभडक होई. म्हणजे आत जीव होता.

"जिवंत आहे, पण ओ देत नाही," ओल्या कागदाच्या सुरळ्या करणाऱ्या बाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेसारखं."

तिसऱ्यांदा शून्य आलं की नमुना जाळायचा, असा नियम होता. तो डॉक्टरनंच मोठ्या हौसेनं करून घेतला होता. शीतकक्षात चाळीस बिया उरल्या होत्या, आणि त्या वाणाची बाहेर जगात कुठेही एक बी नव्हती.

वीस बिया खिशात घालून तो मूळ शेतकऱ्याचं घर शोधत गेला. शेतकरी वारला होता. त्याची बायको मुलाकडे, चौथ्या मजल्यावर, खिडकीशी धान्य निवडत बसली होती.

"तुम्ही तेच ना, चहा पाणचट म्हणणारे?"

वीस वर्षं झाली होती त्याला. डॉक्टरनं घाईघाईनं पुडी उघडली. म्हातारीनं एक बी बोटांत चोळली.

"हे माझ्या डब्यातलं."

"काकांनी दिलं होतं. दोन तास माहिती सांगितली त्यांनी."

"सांगण्यात पटाईत होते. घेवडा कुठला आणि चवळी कुठली, ते मात्र मरेपर्यंत मला विचारायचे." ती हसली, मग हसायची थांबली. "तुम्हाला चहा देऊन मी खुरपायला गेले. परत आले तर डबा हलका. सासूनं मला हे बी दिलं तेव्हा ओंजळीत धरून त्याला सांगितलं होतं, आता हिच्याकडे जा. तिच्या सासूनंही तिला तसंच दिलेलं. तुमच्याबरोबर पाठवताना याला कुणी काही सांगितलंच नाही. थांबलंय बिचारं."

डॉक्टर हसला, शास्त्रज्ञानं हसावं तेवढंच. मग आपलाच आवाज त्याच्या कानावर आला, "मग आता सांगा की."

"कुणाकडे जा म्हणून सांगू?" तिनं त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि जसेच्या तसे परत केले. "तुमच्याकडे पाणी कोण घालतं?"

"एक बाई आहेत."

ओंजळ तोंडाशी धरून म्हातारी बराच वेळ पुटपुटली. मग दहा बिया तिनं त्याला दिल्या, दहा पदराला बांधल्या.

बाईंनी दहाही बिया त्याच दिवशी ओल्या कागदावर लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर दहाही बियांना वीतभर कोंब आलेले. कोंब दिव्याकडे नव्हे, दाराकडे झुकले होते. दारात बाई उभ्या होत्या.

"मी काही केलं नाही हं, सर." बाई नळाकडे सरकल्या. कोंबही वळले. डॉक्टर उगाचच दिव्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे एकानंही वळून पाहिलं नाही.

शीतकक्षात उरलेल्या वीस बिया त्याला आठवल्या. आत उणे अठरा होतं, काळोख होता, आणि चारशे बारा नंबरचं सीलबंद पाकीट टम्म फुगलं होतं. टकटक आवाज येत होता. यंत्राचा असेल, म्हणून त्यानं यंत्र बंद केलं. आवाज चालूच राहिला. पत्र्यावर नख आपटावं तसा, प्रत्येक फळीवरून. सहा हजार पाकिटं. प्रत्येकावर, त्याच्याच वळणदार अक्षरात, एकेका पुरुषाचं नाव.

यंत्र पुन्हा सुरू करून त्यानं बाहेर येऊन फोन लावला. "काकू, उगवलं!"

"उगवणारच."

"तुमचं नाव सांगा. पाकिटावर लिहायचंय."

तिनं सांगितलं. त्यानं ते तळहातावर लिहून घेतलं. "काकू, बाकीची पाकिटंही वाजतायत."

"वाजतीलच. आशा लागली त्यांना."

"तुम्ही येऊन सांगाल का त्यांना?"

"मी कशी सांगू? जिचं तिनं सांगायला हवं. जा, घरोघर विचारत फिरा. आणि चहा मिळेल तसा प्या."

डॉक्टर पुन्हा आत गेला. कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून त्यानं पहिल्या फळीवरचं पहिलं पाकीट उचललं. पत्ता वाचला. ते गाव धरणाखाली जाऊन अठरा वर्षं झाली होती.

पाकीट ओलंचिंब होतं. त्या थंडीतही न गोठता त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

बाईंनी चपला दाराशी काढल्या, आत आल्या आणि त्याखाली ओंजळ धरली.

"ही कुणाची हो, सर?"

पाकिटावर नाव होतं. डॉक्टरनं ते वाचून दाखवलं नाही.