डोरीबाई अन् आमची भुलाबाई

आमच्या ह्यायच्या आयुष्यात डोरीबाई माह्याआधी आली. म्हणजे खरं पाहिलं तर सवत मीच.

पूर्ण नाव डोरीन अॅपलगार्थ. इंग्लंडातली गाणारी. तिकडं जुन्या काळी थिएटरात एकाच तिकिटात जादूवाला, नकलावाला, कसरतवाला अन् गाणारी असे एकामागून एक स्टेजवर यायचे, त्यातली ही. भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीचा, म्हणून तिथं सगळ्यायच्या ओळखीचे रशियन, आमच्या ह्यायले मात्र इंग्रजीण भेटली. एक परदेशी इंजिनीअर गावी परत चालला होता, तर त्याचं सामान विकून राहिला होता. आमचे देवराव टेबलफॅन आणाले गेले अन् रेकॉर्डप्लेअर घेऊन आले. सोबत डोरीबाईच्या रेकॉर्डी. भिलाईचा अख्खा उन्हाळा पंख्याविना काढला, पण गाणं ऐकलं.

मी लग्न होऊन सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आली, तर रोज तेच. ड्यूटीवरून यायचं, चपला काढायच्या आधी रेकॉर्ड लावायची. तिचं एक गाणं तर इतकं घासलं की मधात खरखर यायची. गाणं सुरू झालं की मी भांडे आपटत मागच्या अंगणात. सांगते ना, पन्नास वर्षांत ते गाणं मी पुरतं ऐकलं नाही.

अन् नुसतं ऐकून भागते का? तिचं चरित्र येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगायचं. गॅस सिलिंडरवाला बिचारा उन्हात उभा, अन् हे त्याले हिंदीत सांगून राहिले की तिचा बाप मासे विकायचा, लढाईच्या दिवसांत ती कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगार बायांसमोर गायची, मग टीव्ही आला, थिएटरं बंद पडले, तरी बाई समुद्राकाठच्या हॉटेलात म्हातारी होईपर्यंत गात राहिली. "समोर चार लोक असले तरी पुरं गाणं गायची," असं म्हणताना ह्यायचे डोळे भरतात. माह्या ऑपरेशनच्या वेळी नाही भरले.

यंदा तिच्या जन्माले शंभर वर्षं झाले. तिच्या गावचे लोक अजूनही तिचा वाढदिवस करतात म्हणे. तर ह्यायनं महाराष्ट्र मंडळाच्या भाऊरावले गाठलं. भाऊराव मंडळाचा सेक्रेटरी, प्लांटमध्ये ह्यायच्याच हाताखाली शिकलेला, नाही म्हणता येईना. कोजागिरीले मसाला दूध वाटायच्या आधी अर्धा तास देवरावचं भाषण, रेकॉर्डसहित.

माहं टाळकंच सरकलं. कावून, तर मागच्या गणपतीत हे पाचच मिनिटं बोलले होते डोरीबाईवर. लोक मोबाईल पाहत बसले, अन् मागून कोणीतरी मुद्दाम टाळ्या वाजवून त्यायले खाली बसवलं. हे हसत हसत उतरले. घरी आले अन् दोन दिवस प्लेअरले हात लावला नाही. त्या दोन दिवसांत घर कसं खायले उठलं होतं, ते मलेच माहीत. डोरीबाईले शिव्या द्यायचा हक्क माहा आहे. मी कमावला आहे तो. बाकीच्यायनं ह्यायले हसायचं काम नाही.

"नका करू," मी म्हणलं. "लोक दुधासाठी येतात."

"चार ऐकतील ना," हे म्हणाले.

मी ह्यायचा चांगला सदरा इस्त्रीले काढला.

कोजागिरीच्या संध्याकाळी मी हॉलमागं चुलीवरच्या दुधाच्या मोठ्या गंजापाशी बसली, समोर बसायची हिंमतच नव्हती. बाजूले मथुरा वेलची कुटत होती. मथुरा म्हणजे आमची सेक्टर सहाची भिंतीआडची शेजारीण. तिचा नवरा चिंधू प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. रिटायर झाल्यावर आम्ही रुआबांध्याले घर बांधलं, तर त्यायनंही मागच्याच गल्लीत बांधलं. कोजागिरीले आमच्या वैदर्भी लोकांत भुलाबाई उठते. महिनाभर मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडून पोरी-बाया टाळ्या वाजवत गाणे म्हणतात, डब्यातली खिरापत ओळखतात. अन् भिलाईत भुलाबाई म्हणलं की मथुराचं गाणं आलंच.

भुलोजीले लागली रातपाळी गं,
भुलाबाई बसली दाराशी गं.

क्वार्टरमध्ये असताना तिनं जुळवलं होतं. चाल तिच्या आजीची, असं ती सांगायची. भिलाईच्या मराठी पोरी त्याच गाण्यावर वाढल्या. माहे लेकरं त्याच गाण्यावर झोपले.

तिकडं ह्यायचं भाषण सुरू झालं. मासेवाल्या बापापाशीच खुर्च्या सरकायचा आवाज यायला लागला. कोणीतरी "दूध कधी?" विचारलं, अन् लोक हसले. ह्यायनं घाईघाईनं तेच घासलेलं गाणं लावलं. आवाज काही मागपर्यंत पोहोचेना, तर भाऊरावनं मदत म्हणून प्लेअरचं बटन फिरवलं. ते आवाजाचं नव्हतं, वेगाचं होतं.

डोरीबाई एकदम पळत गायला लागली. आवाज पोरीसारखा बारीक झाला. आता सगळे हसतील म्हणून मी उठली, प्लेअर बंद करायले निघाली, तर मागून मथुरा म्हणाली, "अव माय, हे तर आपलंच आहे."

अन् टाळी वाजवून सुरू झाली. भुलोजीले लागली रातपाळी गं. गंजाजवळच्या बाया लागल्या, हॉलमधल्या बसल्या जागी लागल्या, पोरी उठून फेर धरायले लागल्या. डोरीबाई इंग्रजीत, ह्या मराठीत, अन् चाल तीच. मी दाराशीच थांबली. तोंड माहंही चालू होतं.

भाऊराव माह्या कानाशी आला. "काकू, या बाईनं आपली चाल चोरली का?"

मी स्टेजकडं पाहिलं. ह्यायचा हात वेगाच्या बटनापर्यंत गेला होता. रेकॉर्ड थोडी वाकडी बसली तरी चिडणारा माणूस. पण हात तिथंच थांबला, अन् मग ह्यायनं तो खिशात घातला. गाणं संपलं तर पोरी म्हणाल्या, आजोबा, अजून एकदा. भाषण राहूनच गेलं.

घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या मी ह्यायले धरलं.

"ती मथुरा भिंतीपलीकडून रोज ऐकायची अन् आजीची चाल म्हणून सांगत बसली. तुमच्या कसं ध्यानात आलं नाही?"

"आलं होतं," हे म्हणाले. "तिनं जुळवलं त्याच वर्षी. तू आपल्या तान्ह्या हर्षलले मांडीवर घेऊन म्हणत होती तेव्हा."

"मग बोलले कावून नाही?"

"बोललो असतो तर तू म्हणणं बंद केलं असतं."

हो, केलं असतं. त्याच दिवशी केलं असतं, अन् दुसरं गाणं शोधलं असतं.

सकाळी कणीक मळताना सवयीनं तेच तोंडात आलं. पहिली ओळ मी गिळली. हे पुढच्या खोलीत बसले होते, आज रेकॉर्ड लावली नव्हती. इतके वर्षं हा माणूस तिथं बसून काय ऐकत होता, कोणाले माहीत. मी मधलं दार लोटायले हात पुढं केला, मग राहू दिलं, अन् दुसरी ओळ जरा मोठ्यानं म्हणली.