लव्हाळ्याआडची लीना

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझं एक भिंग आता धुरकट झालं आहे, तरी ऐका.

माझा जन्म लढाईसाठी झाला. लढाई संपल्यावर कलकत्त्यात एस्प्लनेडच्या फुटपाथवर मी जुन्या बुटांशेजारी पडून होते. तिथून चारुदत्तांनी मला डमडमच्या घरी आणलं. बदलीची नोकरी, परका मुलूख. त्यांची बायको शैला सवड काढून मला डोळ्यांना लावायची आणि ताडावरची घार बघता बघता तव्यावरची पोळी करपायची.

"आज ही पोळी घारीलाच वाढ," चारुदत्त हसायचे.

इतकं कौतुक मला कुठेच मिळालं नव्हतं.

एका फाल्गुनात आम्ही शहराबाहेरच्या खाऱ्या तळ्यांवर गेलो. चारुदत्तांनी लहानग्या लेकीला, लीनाला बजावलं, "इथे बोलायचं नाही हं. आवाज झाला की पाखरं उडतात." मग ते होडीची चौकशी करायला गेले. उत्तरेकडे परतणारी बदकं पाण्यावर दाटली होती. शैलाने मला दोन्ही हातांनी डोळ्यांना लावलं. त्यासाठी लीनाचा हात सोडला.

"लीने! अगं लीने!"

ओ नाही. समोर नुसतं पाणी. शैलाने मला पार पलीकडच्या बांधापर्यंत फिरवलं. मी तिला होड्या दाखवल्या, कोळ्यांची जाळी दाखवली. जवळचं मला दिसत नाही. शेवटी मला चिखलात टाकून ती पदर खोचून धावली.

लीना तिथेच जवळ, अलीकडच्या बांधाच्या उतारावर लव्हाळ्याआड बसली होती. समोर टिटवीची अंडी.

"ओ का दिली नाहीस गं?"

"पाखरं उडाली असती ना," ती कुजबुजली.

घरी आल्यावर शैलाने मला ट्रंकेत ठेवलं. "माझीच हौस नडली असती," एवढंच म्हणाली. कलकत्त्याची दमट हवा ट्रंकेतही शिरते. माझ्या भिंगावर बुरशी चढली.

काल ट्रंकेतून कपडे काढताना लीनाला मी दिसले. ती आता शाळेत जाते.

"आई, मी हरवले म्हणून हिला कोंडलंस ना? माझी चूक होती ना?"

शैला तिच्याजवळ येऊन बसली. शिक्षा तिने स्वतःला केली होती. भोगत होती लीनासुद्धा.

"नाही गं बाळा. तुझी नाही, हिचीही नाही."

आज सकाळी गच्चीवर शैलाने मला एकाच हाताने धरलं. शेवग्यावरचा हळद्या पक्षी सारखा हलत होता, निसटत होता. दुसऱ्या हातात लीनाचा हात होता.

मित्रांनो, आम्हाला कोंडू नका, आंधळ्या होतो आम्ही. डोळ्यांना जरूर लावा. फक्त एक हात मोकळा ठेवा.