अवेळची गिरणी

उंब्रजमध्ये धोंडुबाईच्या घराला काय कमी होतं? रानात ऊस, दारात ट्रॅक्टर आणि ओसरीला पिठाची स्वतःची गिरणी. दिवेलागणीला साऱ्या बाया भाकरी थापायला बसल्या, की हिची गिरणी धडधडायला लागायची. नव्या माणसाला वाटायचं, केवढा कामाचा सोस या बाईला! गावाला मात्र आतलं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गाव गप्प होतं.

धोंडुबाईचा थोरला विश्वजित पिऊन आला की बायकोला मारायचा. कारण काहीही चालायचं. भाजीत मीठ कमी, हाकेला ओ द्यायला उशीर, नाहीतर नुसतं बघणं. आतून पहिला आवाज आला की धोंडुबाई उठायची, गहू ओतायची आणि गिरणीचा खटका दाबायची. मग आतलं काही बाहेर जायचं नाही, आणि दळण होईस्तोवर पोराचा रागही उतरलेला असायचा. रंडकीनं दोन पोरं वाढवून घराला नाव मिळवलं होतं. ते सुनेच्या रडण्यापायी घालवायचं नव्हतं तिला. सुनेचं काय होतंय, ते मग बघू!

धाकट्या लेकीनं, क्रांतीनं, त्या आवाजावर हेडफोन घेतला होता. फोनवर ती स्पॅनिश शिकत होती. शनिवारची तोंडी परीक्षा पास झाली की पुण्यात नोकरी लागणार होती. मग खोली घ्यायची आणि सृष्टीवहिनीला घेऊन जायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आता मनातलं कुणाला दिसतंय? सृष्टीनं एवढं मोठं मागितलंही नव्हतं. त्याच आठवड्यात धुणं पिळता पिळता ती म्हणाली होती, "वन्सं, माझा फोन त्यांनी फोडलाय. मेढ्याला आमच्या आप्पास्नी फोन कराल? न्यायला या म्हणावं. ह्या बारीला मला लय भ्या वाटतंया."

क्रांती म्हणाली, शनिवार होऊ दे. आप्पा आले की घरात दंगा होणार, आणि दंग्यात कसला अभ्यास? चार दिवसांनी काय बिघडतंय! सृष्टीनं मान हलवली आणि पुढची साडी पिळायला घेतली.

शनिवारी सांजेला क्रांती माडीवर दार लावून बसली. पुण्याहून परीक्षेच्या अंकिता मॅडम फोनवर प्रश्न विचारत होत्या. खाली विश्वजितची मोटरसायकल थांबली आणि थोड्या वेळानं गिरणी सुरू झाली. क्रांतीचा हात आपोआप हेडफोनकडे गेला. तिनं तो कानांवर घट्ट बसवला.

शेवटी मॅडमनी एक क्रियापद दिलं, आकोस्तुम्ब्रार. एखादी गोष्ट करायची सवय असो, नाहीतर एखादी गोष्ट अंगवळणी पडलेली असो, दोन्हीला हेच लावतात. घरातल्या माणसांवर वाक्यं करा, असं त्या म्हणाल्या. क्रांतीनं केली. आईला पहाटे उठायची सवय आहे. मला हेडफोन लावून वाचायची सवय झाली आहे. आमच्या घराला गिरणीच्या आवाजाची सवय झाली आहे.

गिरणीचं मॅडमना नवल वाटलं. का बरं, हेही स्पॅनिशमध्येच सांगा, म्हणाल्या.

आणि क्रांतीनं सांगून टाकलं. मराठीत मेली तरी जे तिच्या जिभेवर आलं नसतं, ते त्या परक्या भाषेत घडाघडा आलं. माझा भाऊ वहिनीला मारतो तेव्हा आई गिरणी लावते. आम्हाला सवय झाली आहे. कुठंही अडखळली नाही. घटकाभर तिला त्याचा आनंदसुद्धा झाला, बघा!

मग मॅडमनी मराठीतच विचारलं, "क्रांती, तुझ्या मागं आत्ता हा कसला आवाज येतोय?"

तिनं हेडफोन काढला. गिरणी चालू होती, पण तिच्यात धान्य नव्हतं. नुसता दगडावर दगड घासत होता आणि जळका वास माडीपर्यंत आला होता. दगड खराब होतात म्हणून आई रिकामी गिरणी कधी चालवायची नाही. ती धावतच जिना उतरली.

गव्हाची पाटी रिकामी पडली होती. विश्वजित उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. धोंडुबाई गिरणीला टेकून उभी होती. क्रांतीनं खटका बंद केला.

"चालू कर," धोंडुबाई म्हणाली. "लोक ऐकत्याल."

"काय ऐकत्याल, आई? आत आवाजच न्हाई."

सृष्टी चुलीपाशी पडली होती. परातीतलं पीठ अर्धवट मळलेलं होतं. क्रांतीनं हाका मारल्या, गदागदा हलवलं, नाकाशी बोटं धरली. श्वास नव्हता.

मग तिनं मेढ्याला फोन लावला. चार दिवस राहिलेला फोन पहिल्या रिंगलाच लागला.

"आप्पा," ती कशीबशी म्हणाली, "वहिनीला न्यायला या."

म्हाताऱ्या बापाला कोण आनंद झाला! उद्याच येतो म्हणाला. पोरीला फोनवर बोलव की जरा, लय दिवस आवाज न्हाई ऐकला तिचा, म्हणाला.

क्रांतीनं सांगायला तोंड उघडलं आणि ओसरीवर गिरणी पुन्हा सुरू झाली. आप्पा पलीकडून विचारत राहिले, काय म्हणतीस बाळ, काय ऐकू येत न्हाई.