तोंडाचं आवतण

“नाव आपोआप बदलतं?” प्रिस्काने पुन्हा विचारलं.

“आपोआप, आंटी. लेटर एकदाच टाइप करायचं, नावांची लिस्ट वेगळी. याला मेल मर्ज म्हणतात. दाबा ना फिनिश,” सुरुची मॅडम म्हणाली. कॉम्प्युटर क्लासची ही मॅडम प्रिस्काच्या निम्म्या वयाची. त्यामुळे कुणी कुणाला मान द्यायचा, हा घोळ पहिल्या दिवसापासून तसाच राहिला होता.

प्रिस्काने बटण दाबलं. पहिल्या पानावर ‘प्रिय व्हेरोनिकामावशी’, दुसऱ्यावर ‘प्रिय हरेश्वरकाका’, पुढे ‘प्रिय कॉन्रॅडदादा’. खाली मजकूर एकच: आईच्या वर्षाची मिस्सा रविवारी चर्चमध्ये, त्या प्रार्थनेनंतर घरी जेवायला यावे. पण वाचणाऱ्याला वाटावं, हे खास माझ्यासाठीच बसून लिहिलंय. प्रिस्काला हसू फुटलं. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

खरं तर पापडी गावात आवतण असं देत नाहीत. दारात जायचं, ओट्यावर टेकायचं, दिलेलं पाणी प्यायचं आणि मग तोंडाने सांगायचं. पण प्रिस्काला नेमकं तेच नको होतं. प्रत्येक ओट्यावर एकच प्रश्न असणार, ‘कशी गं राहतेस एकटी?’ आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, भाऊ एरॉल कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला, आणि चाळिशी उलटल्यावर ती नोकरीसाठी कीबोर्डवर अक्षरं शोधत बसली होती. हे दारोदार कोण सांगत फिरणार? वर्षभर तिने तो प्रश्न चुकवला होता. बाजार भर दुपारी, चर्चमध्ये शेवटचा बाक. आता कॉम्प्युटरनेच सुटका केली म्हटल्यावर तिला देव पावल्यासारखं झालं. दुपारी गाव आडवं झालेलं असताना तिने पाकिटं दारांच्या फटींतून आत सरकवली.

रविवारी मिस्सा संपताच मटण गरम करायला ती घाईने घरी आली. अंगणात बाकडी लावली होती, टेबलांवर ताटं, टोपलीत वडे. आईने गावातल्या किती लग्नांत वड्यांचं पीठ मळलं होतं, त्याला हिशेब नव्हता. तिच्या नावाने आज लोक जेवून गेले की तिचं वर्ष पार पडलं, एवढंच प्रिस्काला हवं होतं. नाहीतर गाव आईला विसरलं, असंच धरून चालावं लागलं असतं.

कुणीच आलं नाही. मटण पुन्हा गरम करून झालं, वड्यांवर फडकं टाकून झालं. शेवटी न राहवून ती समोरच्या व्हेरोनिकामावशीकडे गेली. मावशी ओट्यावर हात पुसत उभी होती.

“मावशी, तू जेवायला आली नाहीस?”

“आवतन कुठं दिलंस?”

“पत्र टाकलं होतं ना.”

“मिळालं की. सुनेनं वाचून दाखवलं. सगळ्यांना तसंच आलंय, नाव तेवढं वेगळं. कागद काय, लाइटबिलाचा पन येतो. मानूस नाय आलं. आमी समजलो, पोरीला कोन नको असंल.”

प्रिस्काचे डोळे भरून आले. वर्षभर ती लोकांना टाळत होती, आणि लोकांनी ते निमूट मान्य केलं होतं.

मावशीने आतून पाण्याचा तांब्या आणला. प्रिस्का ओट्यावर टेकली, पाणी प्याली.

“माझी आई गेली, मावशी,” ती म्हणाली. हे तिने अजून कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. “वर्ष झालं. घर खायला उठतं मला. जेवायला ये.”

“आमी आताच जेवलो गं. सगळ्यांचीच जेवनं झाली असतील,” मावशी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

रिकाम्या बाकड्यांमधल्या एकावर मावशी बसली. पोट भरलेलं, वय झालेलं. तरी तिने वडा मोडला, रश्शात बुडवला आणि सावकाश खाल्ला. प्रिस्का टोपली घेऊन शेजारी उभी होती.

“अजून एक वाढ,” मावशी म्हणाली.