सहीखालची जागा

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ज्या घरात अजून चिमी म्हणतात, त्या घरावर तिने चिडू नये तर काय करावं? आणि चिमीचा राग काही आजकालचा नव्हता. तो पस्तीस वर्षांचा होता, रोज थोडं थोडं सरपण घालून तिने तो कधी विझू दिला नव्हता, आणि त्या सकाळी भाचीच्या शेजारी संगणकासमोर खुर्ची ओढून बसताना तिला वाटत होतं की आज याचा निकाल लागणार. तिची स्वतःची वेबसाइट होणार होती. तिने काढलेले एकशे बारा फोटो, आणि प्रत्येक फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिचं नाव. मागणं एवढंच होतं.

स्टुडिओ तिच्या वडिलांचा. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवत: खटका काय, माकडही दाबेल, फोटो जन्माला येतो तो डार्करूममधल्या ट्रेमध्ये, तेव्हा ज्याने कागद ट्रेमधून बाहेर काढला, सही त्याची. वडील गेले, नियम राहिला. चिमीच्या हातांना त्या रसायनांनी कोपरापर्यंत पुरळ उठायचं, त्यामुळे ती डार्करूमचा उंबरा कधी ओलांडत नसे. ती उन्हातान्हात हिंडून फोटो काढायची, रोल ताईच्या हातात ठेवायची, आणि चार दिवसांनी तिला परत मिळायचा तो छापलेला फोटो, कोपऱ्यात पांढऱ्या शाईने ब्रशने काढलेली ताईची सही मिरवत. ती सही काही लाजरीबुजरी नव्हती. सुरुवातीला बोटभर होती, मग वर्षागणिक फुगत गेली, खाली एकाचे दोन आणि दोनाचे तीन जाड फराटे आले. लोक सहीवरून फोटो ओळखायला लागले. प्रदर्शनं ताईची, वर्तमानपत्रात मुलाखत ताईची, आणि त्या मुलाखतीत शेवटी एक ओळ: ‘धाकटी बहीण मदतीला असते.’ ते कात्रण चिमीने जपून ठेवलं होतं, आणि दुखरा दात जिभेने चाचपावा तसं ती अधूनमधून ते काढून वाचायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं ती मनात म्हणायची, आणि कधीकधी मनात नाही, मोठ्यानेही.

आता ताईची नजर गेली होती आणि स्टुडिओला कुलूप लागलं होतं. निगेटिव्हच्या कपाटाची किल्ली भाचीने आईकडून मागून घेतली, तेव्हा ताई एवढंच म्हणाली होती, “निगेटिव्ह राहू देत. छापलेले आहेत ना, त्यातलेच लावा.” हे कानावर आलं तेव्हा चिमीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आंधळी झाली तरी सही सोडवत नाही म्हणजे काय! तिने हट्टाने निगेटिव्हच घ्यायला लावल्या. भाचीने आठवडाभर बसून त्या संगणकात भरल्या, आणि सहीविना, जसे काढले तसे, एकशे बारा फोटो पडद्यावर आले.

राहिलं होतं फक्त नावाचं अक्षर. भाची या कामात मुरलेली होती आणि तिने प्रत्येक फॉन्टला स्वतःचं नाव ठेवलं होतं. एक ‘कारकून’, ताठ आणि कोरा. एक ‘औषधाची बाटली’, इतका बारीक की भिंग लागावं. एक ‘नवी नवरी’, वळणावळणाचा, प्रत्येक काना लाजून मुरडलेला. ती एकेक लावून दाखवत होती आणि चिमी मान हलवत होती.

“मावशी, एकवीस झाले सकाळपासून.”

“मग बावीस होऊ देत. मी पस्तीस वर्षं थांबले, तू पस्तीस मिनिटं थांब.”

“पण कसं हवंय ते तरी सांग ना.”

“जाड हवं.”

“इतकं जाड? फोटोत नाव हळूच असावं गं, फोटो आधी दिसला पाहिजे.”

“हळूच राहून काय मिळालं ते बघतेयस ना?”

भाचीने आणखी जाड फॉन्ट लावला. तो ‘रस्त्यावरची पाटी’. चिमीने तोही नाकारला, कारण नाव ठसठशीत झालं तरी त्याच्या वरून काहीतरी डोकावत होतं. रिकाम्या पोहण्याच्या तलावाचा तो फोटो, तिचा पहिला चांगला फोटो. तेविसाव्या वर्षी, सकाळी, रखवालदाराने तिला आत सोडून बाहेरून फाटक लावून घेतलं होतं. कोपऱ्यात, काठावरच्या फरशांपाशी, करडा डाग होता. तिने दुसरा फोटो उघडायला लावला. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, सहा वर्षांनंतरच्या. तिथेही कोपऱ्यात करडं काहीतरी, थोडं मोठं. न्हाव्याच्या दुकानातला आरसा, त्यात आणखी मोठं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून ती अक्षर बघतच नव्हती. अक्षरामागे काय उरतं ते बघत होती.

“निगेटिव्हवर बुरशी आली असेल,” भाची म्हणाली. “तेवढी कड कापून टाकू का?”

तिने तलावाच्या फोटोची उजवी कड दोन बोटं कापली. डाग गेला. मग चित्र पुन्हा नीट उमटलं, आणि नव्या कोपऱ्यात, तेवढ्याच अंतरावर, डाग होता. भाचीने आणखी कापलं. डाग आत सरकला. तिसऱ्यांदा कापल्यावर तलाव अर्धा उरला आणि भाची म्हणाली की संगणकच बिघडलाय, मी चहा टाकते, तू कशालाही हात लावू नकोस.

ती आत गेली आणि चिमीने लगेच हात लावला. फोटो मोठा करायला तिला येत होतं, तेवढं ती आठवड्यात शिकली होती. तिने तलावाचा कोपरा मोठा केला, मग आणखी मोठा, आणि डागाला आकार आला. बाई होती. म्हातारपणाकडे झुकलेली, पांढऱ्या केसांची, अंगात राखी स्वेटर, डाव्या हाताच्या मुठीत छातीवर स्वेटर घट्ट आवळलेला. ती तलावाकडे बघत नव्हती. ती कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे, खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होती.

चिमीने चादरींचा कोपरा मोठा केला. मग आरशाचा. मग कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायकांचा. तीच बाई, तोच स्वेटर, तीच मूठ. सहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तिच्यात काडीचा फरक नव्हता, फक्त ती दर फोटोत एखादं पाऊल पुढे आलेली होती. आणि तो राखी स्वेटर गेल्या हिवाळ्यात भाचीनेच आणला होता. चिमीच्या अंगात आत्ता तोच होता.

तिला आधी भीती वाटली नाही. आधी तिला रागच आला. आपल्या फोटोत हिचं काय काम, असंच तिच्या मनात आलं. मग तिने त्या बाईच्या स्वेटरवरची बटणं मोजली. मुठीखालचं तिसरं बटण नव्हतं, तिथे दोऱ्याचं टोक लोंबत होतं. तिने मान खाली घालून स्वतःची मोजली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. तिसरं जागच्या जागी होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती एकटीच हसली.

भाची चहा घेऊन आली आणि तिने चित्र पुन्हा लहान केलं. “तुला एक गंमत दाखवते,” ती म्हणाली. सकाळी तुलनेसाठी म्हणून तिने जुन्या छापील फोटोवरून आईची सही उचलून ठेवली होती. तिने ती तलावाच्या कोपऱ्यात सोडली. पांढऱ्या अक्षरांनी डाग बरोब्बर झाकला. एका अक्षराची उभी रेघ त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत, खालचे फराटे त्याच्या पावलांवर. दुसऱ्या फोटोवर, तिसऱ्यावर, तेच. इंचाइंचाने मापून शिवलेल्या कपड्यासारखी सही त्या जागेवर बसत होती.

“बघ, एवढे फॉन्ट बघितले आणि बसली कोण? आईच.” भाची हसली. चिमी उठली आणि चहा तसाच टाकून जिना उतरून गेली.

खालच्या खोलीत ताई खिडकीशी खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होती. पावलांवरून तिने ओळखलं आणि आवाज कमी केला. “ये, चिमे.”

“सही एवढी मोठी का करायचीस तू?”

ताईने रेडिओ बंद केला. “निगेटिव्ह बघितल्यास तर.”

“मी काय विचारतेय?”

“तिला झाकायला.”

पस्तीस वर्षांत तिने या भांडणाची इतक्यांदा उजळणी केली होती, ताईचं प्रत्येक उत्तर तिला पाठ होतं, आणि हे त्यात नव्हतं.

“आधी वाटलं डाग आहे,” ताई म्हणाली. “मग वाटलं तू कुणाला तरी सोबत नेतेस. पण तू एकटी जायचीस. कापून बघितलं, तर आत यायची. बाबांचा नियम होताच, सही करायची. मग म्हटलं, तिच्यावरच करावी.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तेवीस वर्षांची होतीस. तुझ्या फोटोत एक बाई उभी असते आणि तुझ्याकडे दातओठ खाऊन बघते, हे सांगू? तू पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला असतास का?”

“माझं नाव गेलं, ताई. सगळं गेलं. प्रदर्शनात मी खुर्च्या मांडत होते.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणतेस!”

“तू चिडायचीस. मला वाटायचं, चिडू दे, चिडून माणूस मरत नाही.” ताईने न दिसणारे डोळे पुसले. “पण मग तू हळूहळू तिच्यासारखी दिसायला लागलीस. तेव्हापासून मी सही मोठी करत गेले.”

चिमी पुढे झाली, तिने ताईचा हात धरला आणि जवळजवळ ओढून आपल्या स्वेटरवर ठेवला. “मोज. बटणं मोज. तिचं तिसरं नाहीये, माझं आहे. ती मी नव्हे.”

ताईची बोटं वरून खाली आली, पस्तीस वर्षं काळोखात काम केलेली, डोळ्यांपेक्षा हुशार बोटं. तिसऱ्या बटणावर ती थांबली, ते दोनदा फिरवून बघितलं, आणि ताईने सोडलेला श्वास चिमीला ऐकू आला. “आहे,” ती म्हणाली. “आहे गं. देवा. मग सोड आता हे सगळं, चिमे. सोडशील? नाव लाव तुझं, खुशाल लाव, पण चिडू नकोस.”

चिडू नकोस! त्या दोन शब्दांनी आगीत तेल पडलं. जिने सगळं नेलं ती वर शहाणपण शिकवणार, आणि आपण उपकार मानायचे? “चिडेन!” चिमी म्हणाली. मागे सरत ती दाराशी, कोपऱ्यात गेली. “मरेपर्यंत चिडेन. माझंच नाव लागणार, सगळ्यांवर लागणार, आणि ती दिसली तर दिसू दे.” बोलता बोलता तिचा डावा हात छातीशी आला आणि मूठ आवळली गेली.

फार बारीक आवाज झाला, दोरा तुटल्यासारखा. फरशीवर काहीतरी टपकलं आणि घरंगळत खुर्चीखाली गेलं.

ताईने मान वळवली. “काय पडलं?”

चिमीच्या मुठीखाली दोऱ्याचं टोक लोंबत होतं. जिन्यावरून भाचीची हाक आली. “मावशी, ठरलं का? कुठलं अक्षर लावू?”

भाचीने पुन्हा विचारलं.

“तुझ्या आईची सही लाव,” चिमी म्हणाली. “सगळ्यांवर.”

खुर्चीत ताई खाली वाकली होती आणि फरशीवर हात फिरवत ते शोधत होती.