काठाबाहेरचे बटण

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, पण बोट लावता येते. मी एक जुनी आडवी ओळ आहे, पडद्यावरच्या चार बटणांची.

माझा जन्म नागपुरात, महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या बाबनराव विणकरांच्या घरी झाला. बाबनरावांना झटका आला, उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. तेव्हा शहराबाहेर मिहानमधल्या संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, भूपेशने, रस्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत मला घडवले. 'पाणी', 'दुखते', 'कूस बदला' आणि शेवटी 'भूपेश'. ही भाषा खडूस मास्तरासारखी. जरा चुकले की पुढे सरकू देत नाही. पण पडदा केवढा आहे, हे ती विचारत नाही.

जागा संपली की खाली वळणारी ओळही भूपेशला मांडता आली असती. पण तो मागावरच्या घरातला. आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग गेला पाहिजे, हे बाबनरावांनी त्याला लहानपणीच शिकवले होते. म्हणून त्याने मला सलग ठेवले. बाबांना आवडेल, असे त्याला वाटले.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर होते. "बाबा, हे दाबलं का माह्या फोनवर घंटी वाजते. मी तसाच निघतो," भूपेश म्हणाला. बाबनरावांनी डाव्या हाताने माझे शेवटचे, 'भूपेश'चे बटण दाबले, घंटी वाजली आणि त्यांचे अर्धे तोंड हसले. माझ्या जन्माचे सोने झाले, असे मला वाटले.

मग लॅपटॉप ऑफिसात गेला. मला एका टॅबमध्ये घातले आणि तो खाटेजवळ उभा लावला. उभ्या पडद्यावर तीनच बटणे मावली. चौथे काठाबाहेर गेले. ते कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि मला तोंड नाही.

बाबनराव रोज तिकडे हात नेत. बोट काठावरून घसरे, पुन्हा जाई. त्यांच्या पत्नीला, अनुसयाबाईंना, वाटे की ही मागावर आडव्या धाग्याचा धोटा फेकायची हाताची जुनी सवय. "तुहे बाबा अजून धोटाच फेकून राहिले गा," असे मुलाला सांगून त्या डोळे पुसत. इकडे भूपेशचा फोन वाजत नव्हता. आपण त्यांचा माग विकला, तो राग बाबांनी अजून धरला आहे, असे त्याने मनाशी घेतले. तो घरी उशिरा येऊ लागला; आला तरी खाटेजवळ बसेना. हळूहळू बाबनरावांनी हात नेणे सोडले. पुढे तर ते पाणीही मागेनासे झाले.

परवा टॅब पुसताना भूपेशने तो आडवा धरला आणि मी पुरती दिसले. शेवटी स्वतःचे नाव पाहून बाबांचा तो 'धोटा' रोज कुठे जात होता, ते त्याला कळले. मग त्याने टॅब बापाच्या हाताखाली धरला. "बाबा, एकदा दाबा न. मी येतो." बाबनरावांचा हात आता उचलला गेला नाही.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी काही कराल, तर त्याच्या उशाशी बसून, त्याला जे दिसते ते एकदा पाहा. माझी तेवढीच विनवणी आहे. आता माझी चारही बटणे दिसतात. भूपेश फोन हातात घेऊन बाबांच्या खाटेजवळच बसलेला असतो. घंटी वाजत नाही.