धवलारणीच्या गाडीचा सायलेन्सर

मित्रांनो, गाडी तुम्ही नेहमी वरून पाहता. तिचा रंग, तिच्या काचा, पुढे टांगलेलं लिंबू-मिरची. मी तिच्या पोटाखाली राहतो. मी एक जुना सायलेन्सर आहे.

पत्र्याची गुंडाळी करून मला घडवलं. पोटात भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्या, आडवे पडदे घातले. इंजिनाचा आवाज गर्जत आत येतो, त्या भोकांतून फिरता फिरता दमतो आणि मागून नुसता हुंकार होऊन बाहेर पडतो. त्याच्याबरोबर येणारा विषारी धूरही मी माणसांपासून लांब नेऊन सोडतो. आवाज गिळायचा आणि धूर लांब न्यायचा, एवढंच माझं काम. त्यातलं पहिलं सगळ्यांना कळतं. दुसरं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

ठाकुर्लीच्या गोपीनाथनं ही निळी गाडी घेतली ती आईसाठी. त्याची आई रंगूबाई, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. तिच्या तोंडून धवला आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. आज कोपरला लग्न, उद्या दिव्याला, परवा टिटवाळ्याला. तिला मांडवामांडवाला मीच पोचवलं. पुढच्या डाव्या सीटवर बसून ती वाटभर गुणगुणायची. वर ती, खाली मी, मधे फक्त एक पत्रा. तिचं गाणं त्या पत्र्यातून झिरपून माझ्यापर्यंत यायचं. मी इंजिनाचा दंगा गिळत होतो, म्हणून ते ऐकू येत होतं. याचा मला भारी अभिमान.

"गोप्या, गारी चालू हाय का बंद?" शेजारचा धाकू मुद्दाम विचारायचा. माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते पुष्कळ होतं.

सतरा वर्षं अशी गेली. चिखल बसला, गंज चढला. गाडीला वरून रंग मिळाला, सीटला नवी कव्हरं मिळाली. मला काही नाही.

मग गेल्या हिवाळ्यात टिटवाळ्याच्या वाटेवर, नव्या इमारतींसाठी रस्ता खणलेला होता तिथं, भरलेली गाडी दणकन आपटली. इंजिनाकडून येणारा पाइप माझ्या पाइपाला जिथं बोल्टांनी जोडला होता, तिथला एक गंजका बोल्ट मोडला. सांधा उघडला. मित्रांनो, आयुष्यभर गप्प राहिलेला मी त्या दिवशी बोंबललो.

"काय र गोप्या," धाकू ओट्यावरून ओरडला, "इमान घेतलास काय?"

विमानाच्या नावानं सगळी आळी हसली. गोपीनाथला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेलाचा डबा कापून पत्रा काढला, तो सांध्याभोवती गुंडाळला, वर चिकटपट्टी आणि वर तारेचे वेढे. खालून हात पोचला तिथवर त्यानं घट्ट बांधलं. वरच्या बाजूला हात पोचलाच नाही. आवाज मात्र थांबला.

"बघ," तो बायकोला, भावनाला, म्हणाला, "ग्यारेजला जायाची गरजच नाय!"

भावनानं मान डोलावली. आणि त्या दिवसापासून धूर मागे जायचं सोडून वर जाऊ लागला. सांध्याच्या बरोबर वर, पुढच्या सीटच्या पायाशी, पत्र्यातलं एक रबरी बूच झिजून पडलं होतं. टिटवाळ्याच्या धुळीमुळे काचा कायम बंद. मला सगळं कळत होतं, पण सांगू कसा? माझा आवाज हीच माझी भाषा होती, आणि तीच बांधून टाकली होती.

रंगूबाईचं डोकं दुखू लागलं. घसा बसू लागला. डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या. एका मांडवात ती अर्ध्या धवल्यात थांबली आणि पुढची ओळ तिला आठवेचना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "वय झालं आता," कुणीतरी हळूच म्हणालं.

परतताना ती गुणगुणली नाही. नुसतं म्हणाली, "गोप्या, करिश्माच्या लग्नाला दुसरी धवलारीन सांग. माजा गला गेला र."

करिश्मा तिची नात, गोपीनाथची एकुलती लेक. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. हे ऐकून ती रडकुंडीला आली. "आजी, तू नाही गायलीस ना, तर मी हळदीलाच बसणार नाय हां. डीजेवर लावू का तुझं गाणं?"

"लाव तुजा डीजे. त्याचा गला बसत नाय," रंगूबाई म्हणाली आणि ओटीवरच भिंतीकडे तोंड करून निजली. तिनं गाणं सोडलं तर तिचं काही उरणार नाही, हे मला ठाऊक होतं.

उलगडा भावनानं केला. लग्नासाठी गाडी धुताना तिनं पुढच्या सीटखालची चटई काढली, तर खालच्या बाजूला काजळी. तिनं बोट फिरवलं, वास घेतला. मग नवऱ्यापुढे ते काळं बोट धरलं.

"अवो, आये घरात ओटीवर बसते तवा बरी गाते. गारीतून उतरली का डोका धरते. परवा मी त्या सीटवर बसले, तर माजा पन डोका फुटला. आयेचा गला म्हातारा नाय झाला. तुमची गारी म्हातारी झाली!"

गोपीनाथ तसाच उठून कल्याणला विश्रामच्या गॅरेजमध्ये गेला. विश्रामनं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे बँडेज कुणाचं?"

"माजंच. आवाज बंद झाला का नाय?"

"झाला ना. ओरडणाऱ्याचं तोंड बांधलंत." विश्रामनं इंजिन चालू ठेवलं आणि मागून माझ्या तोंडात ओलं फडकं दाबून धरलं. "आता शेठ, पुढून बघा."

मागची वाट बंद झाल्यावर धूर सांध्याच्या वरच्या फटीतून भसाभसा निघाला आणि थेट गाडीच्या पोटात शिरला.

गोपीनाथनं दार उघडलं, तर आईच्या सीटच्या पायाशी धूर. "म्हंजे इतके दिवस मी माज्या आयेला..."

"पुढचं बोलू नका," विश्राम म्हणाला. "चौदाचा पाना द्या इकडे."

त्यानं गॅसच्या ज्योतीनं मोडका बोल्ट तापवून काढला, नवीन पॅकिंग घातलं, आपटल्यानं मला पडलेली चीर वेल्डिंगनं भरली, वरच्या भोकाला रबरी बूच बसवलं. मग पुन्हा फडकं दाबून बघितलं. कुठूनही धूर नाही. सतरा वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढा वेळ दिला नव्हता.

घरी आल्यावर गोपीनाथ आईच्या पायाशी बसला. "आये, तुजा गला नाय गेला. मीच तुला धूर पाजला."

रंगूबाईनं त्याची हनुवटी वर केली. मग म्हणाली, "गारीला दवाखान्यात नेलास, आन आयेला म्हातारी समजलास. वा र लेका!" आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दहा दिवसांनी घरासमोर मांडव पडला. गाडी मागच्या बाजूला उभी होती. करिश्मा पाटावर बसली. पहिल्या ओळीला रंगूबाईचा आवाज फाटला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा उचललं:

हिरव्या गो मांडवाला, चांदन्याचा खांब,
लेकीच्या गो बापा, दारी जरा थांब...

दोन ओळी ती विसरली. त्या करिश्मानं पाटावरून गाऊन दिल्या. हळद लागली.

मित्रांनो, जुनी वस्तू ओरडू लागली की तिची लाज वाटून घेऊ नका, तिचा आवाज बांधू नका. तुटलंय कुठे ते शोधा. आम्ही उगाच ओरडत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस गाता गाता थांबलं, तर "वय झालं" म्हणण्याआधी, त्याला आपण कुठं बसवलंय, ते एकदा बघा.